माती कुणाची अडवायची?

सातारा-सांगलीकडं दोन ख्रिस्ती पंथ एका पंगतीला बसतात ते बहुधा सोयरीक जुळल्यावर. अमेरिकन मराठी मिशन साताऱ्यात आलं १८४९ मध्ये. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनचं रुग्णालय उभं केलं. त्यामुळं या दोन जिल्ह्यांतला ख्रिस्ती समाज मुख्यतः प्रॉटेस्टंट, पाळक आणि रविवारची उपासना यांत वाढलेला. कॅथलिक त्यामानानं थोडे. महाबळेश्वरचं होली क्रॉस चर्च १८३१ सालचं, पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चं, आणि बिशप पुण्याचे.

या लेखातले दोघे असेच सोयरे. व्याही पाचगणीचे निवृत्त मास्तर, पक्के कॅथलिक, मिस्सा न चुकवणारे. विहीणबाई मिरजेच्या, मिशनच्या वातावरणात वाढलेल्या, आयुष्यभर वॉर्डात परिचारिका म्हणून राबलेल्या. दोघंही कल्पनेतले आहेत. त्यांच्या तोंडची कलमं, सनावळ्या आणि घटना मात्र खऱ्या.

साताऱ्यात लेकीच्या घरी दोघं जेवायला बसलेले असताना नातवानं विचारलं, "ज्यानं स्वतःच जीव दिला, त्याला आपल्या सिमेटरीत माती देतात का?"

"पूर्वी देत नसत," मास्तर म्हणाले.

"तुमच्यात," विहीणबाई म्हणाल्या.

झालं. ताटं वाळली तरी दोघं उठेनात.

मास्तरांनी आधी तो 'तुमच्यात' खोडून काढला. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकात दफनविधीच्या सुरुवातीलाच सूचना छापलेली आहे: बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि स्वतःवर हात उचललेले, या तिघांसाठी हा विधी वापरू नये. आणि इंग्लंडचा रिवाज तर याहून भयंकर. अशा माणसाला चव्हाट्यावर पुरायचं आणि प्रेतात खुंटी ठोकायची. हा प्रकार संसदेनं कायदा करून थांबवला तो १८२३ मध्ये. "तेव्हा विहीणबाई, एकट्या पोपच्या माथी मारू नका."

"नाही मारत. पण बायबलात हे कुठं आहे ते दाखवा."

इथं मास्तर अडचणीत आले, कारण बायबलात ते नाहीच. शमशोन स्वतःसकट मंदिर पाडून मेला. त्याच्या भावांनी त्याला नेऊन बापाच्या कबरीत ठेवलं. अहिथोफेलानं गळफास घेतला. तोही बापाच्याच कबरीत गेला. शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडला. याबेशच्या लोकांनी रातोरात चालत जाऊन त्याचं प्रेत आणलं, त्याच्यासाठी सात दिवस उपास केला, आणि पुढं दाविदानं त्याच्या अस्थी मानानं वडिलांच्या कबरीत नेऊन ठेवल्या. पैसे घेऊन येशूला पकडून देणाऱ्या आणि मग गळफास घेतलेल्या यहूदा इस्कर्योताचं नाव सगळ्यांनाच ठाऊक, पण मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पुढं काय येतं ते सहसा कुणी सांगत नाही. त्यानं फेकून दिलेल्या पैशांतून याजकांनी कुंभाराचं शेत विकत घेतलं, कशासाठी, तर परक्यांना पुरायला जागा हवी म्हणून. ज्याच्या नावावर पुढं इतक्या जणांची माती अडवली गेली, त्याच्या पैशातून बेवारशांसाठी दफनभूमी झाली.

मास्तर म्हणाले, "बायबल एकीकडं आणि परंपरा एकीकडं असं होत नाही आमच्यात. संत ऑगस्टीननं हा प्रश्न सोडवून ठेवलाय."

ऑगस्टीनचं नाव या वादात नेहमी दंडुक्यासारखं येतं, म्हणून तो कशासाठी बोलला ते सांगितलं पाहिजे. ४१० मध्ये रोम लुटलं गेलं. ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले. काहींनी अब्रूसाठी जीव दिला, बाकीच्या जगल्या, आणि जगलेल्यांकडं लोक बोट दाखवू लागले. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ऑगस्टीन या जगलेल्या बायकांची बाजू घेतो. पाप ज्यानं केलं त्याचं. तुम्ही कशाला मरायचं? 'खून करू नको' ही आज्ञा स्वतःलाही लागू आहे, हे त्याचं प्रसिद्ध विधान या ओघात आलेलं आहे.

"म्हणजे मूळ बोलणं जगणाऱ्या बाईला धीर द्यायला होतं," विहीणबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याचा मेलेल्याला शिक्षा द्यायला वापर केलात."

मास्तरांना हे पटलं की नाही ते कळलं नाही, पण ते पुढच्या शतकाकडं वळले. ५६१ मध्ये पोर्तुगालातल्या ब्रागा इथं भरलेल्या धर्मसभेनं ठरवलं की अशा मृतांचं स्मरण मिस्सेत करायचं नाही आणि त्यांचं प्रेत स्तोत्रं म्हणत कबरीकडं न्यायचं नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं तीन कारणं मांडली. स्वतःवर प्रेम करणं हा निसर्ग, त्याच्याविरुद्ध हे कृत्य. माणूस समाजाचा अंश, म्हणून समाजावर अन्याय. आणि जीव देवानं दिलेला, म्हणून देवाच्या हक्कावर घाला.

"मला दुसरं कारण सगळ्यात मोठं वाटतं," मास्तर म्हणाले. "माणूस जातो तेव्हा एकटा जात नाही. घर मोडतं. गावानं काहीच बोलायचं नाही का? ती दफनाची बंदी म्हणजे कुंपण होतं. आत कुणाला डांबण्यासाठी नव्हतं, कड्याच्या काठाला लावलेलं होतं."

"कुंपण कड्याला होतं ना? मग पडून गेलेल्याच्या अंगावर का टाकलंत?"

१९१७ ची कॅथलिक धर्मसंहिता उघडली की १२४० वं कलम सापडतं. चर्चच्या दफनापासून कुणाला दूर ठेवायचं, याची ती यादी. तिच्यात जाणूनबुजून, ठरवून स्वतःला मारणारे होते. द्वंद्वयुद्धात मेलेले होते. आपलं प्रेत जाळावं असं सांगून गेलेलेही होते. पण त्याच कलमाला पुढं एक शेपूट होतं. मरण्याआधी पश्चात्तापाची खूण दिसली तर बंदी नाही. शंका असेल तर बिशपांना विचारा. विचारूनही शंका उरली तर दफन द्या, फक्त लोकांत बोभाटा होणार नाही असं करा.

हे शेपूट मास्तरांचं मोठं भांडवल. त्यांचं म्हणणं, कागदावर नियम कडक होता, पण फादर लोक माणसंच होती. डोक्यावर परिणाम झाला होता, असं घरच्यांनी सांगितलं की बहुतेक ठिकाणी दार उघडायचं.

विहीणबाईंचा राग नेमका इथंच होता. दार उघडायचं, पण कुणासाठी? ३० जानेवारी १८८९ ला ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ मायरलिंगच्या शिकारघरात आपल्या प्रेयसीसह मृत सापडला. राजघराण्याकडं डॉक्टर होते, मनाचा तोल गेल्याचा निर्वाळा होता, रोमपर्यंत वशिला होता. युवराज व्हिएन्नात कापुचिन मठाच्या राजघराण्याच्या तळघरात सन्मानानं विसावला. सतरा वर्षांच्या त्या मुलीला मात्र रात्रीच्या अंधारात गुपचूप हाइलिगेनक्रॉइत्सच्या दफनभूमीत पोचवण्यात आलं. "ज्याच्याकडं दाखला, त्याला दया. आमच्या कवठेमहांकाळच्या माळावरच्या माणसाकडं कुठला आलाय मनाचा डॉक्टर?"

लेखकाला इथं बाईंच्या बाजूनं कौल द्यावासा वाटतो. १२४० कलमाची दया खोटी नव्हती, पण ती मिळवायला घरच्यांना काहीतरी रचून सांगावं लागे. त्या रचण्याची सवय नियम गेल्यावरही राहिली.

शंकेबद्दल मात्र मास्तरांचं शेपूट शहाणं होतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला युरोपातला नाही, मिरज तालुक्यातला आहे. २० जून २०२२ ला म्हैसाळमध्ये दोन भावांच्या कुटुंबांतली नऊ माणसं मृत सापडली. सावकारी कर्ज, चिठ्ठ्या, दोन घरं. आख्ख्या महाराष्ट्रानं त्याच दिवशी निकाल लावून टाकला की ही सामूहिक आत्महत्या. आठवडाभरात पोलिसांनी गुप्तधनाच्या नादातून झालेल्या खुनाचा गुन्हा धरून मांत्रिकासह दोघांना अटक केली. ते कुटुंब ख्रिस्ती नव्हतं, तिथं सिमेटरीचा प्रश्नच नव्हता. पण बाहेरून बघणाऱ्याला मेलेल्याच्या शेवटच्या तासातलं काय कळतं, याचं उत्तर म्हैसाळनं दिलं. पोलीस ठाण्यातसुद्धा अशा वेळी आधी 'अकस्मात मृत्यू' एवढीच नोंद होते. पोलीस जिथं थांबतात तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पुढं धावू नये.

मग १९८३ उजाडलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ जानेवारीला नवी धर्मसंहिता जाहीर केली आणि २७ नोव्हेंबरपासून ती लागू झाली. दफन कुणाला नाकारायचं ते आता ११८४ व्या कलमात आहे. श्रद्धा उघडपणे सोडून दिलेले. ख्रिस्ती श्रद्धेला विरोध म्हणून दहन निवडणारे. आणि ज्यांच्या विधीनं श्रद्धावंतांत उघड गहजब होईल असे जाहीर पापी. तेही मरण्याआधी पश्चात्ताप दाखवला नसेल तरच. आत्महत्या करणाऱ्यांचा उल्लेख नाही.

"नाही म्हणजे कुठंच नाही," मास्तर म्हणाले. "बंदी उठवली असंही कुठं लिहिलेलं नाही. नाव गाळलं, बस्स."

चौदाशे वर्षांचा नियम असा एका गाळलेल्या ओळीनं गेला. आणि या लेखकाला जे सांगायचंय ते एवढंच आहे: नियम न बोलता गेला, म्हणून त्याची भीती गेली नाही. शिक्षा ऐकलेली आजी अजून घरात होती. शिक्षा उठल्याचं तिला कुणी सांगितलं नाही.

बोलणं झालं ते नऊ वर्षांनी. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २२८० ते २२८३ हे चार परिच्छेद या विषयावर आहेत. आपण आयुष्याचे मालक नाही, राखणदार आहोत, हे पहिल्यात आहे, आणि ते ऑगस्टीनइतकंच ठाम आहे. पण पुढं स्पष्ट म्हटलंय की तीव्र मानसिक विकार, यातना किंवा छळाची भयंकर भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशा माणसांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये. देव त्यांना पश्चात्तापाची संधी त्याला एकट्यालाच ठाऊक असलेल्या वाटांनी देऊ शकतो. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. ज्यांचं स्मरणही मिस्सेत नको असं ब्रागानं ठरवलं होतं, त्यांच्यासाठीच.

"हे वाचून मला बरं वाटलं होतं," मास्तर कबूल झाले. "पण धास्तीही वाटली. धाक गेला की काय उरतं? कॅथलिकांत आत्महत्या कमी असतात, हे आमच्यातल्या कुणी नाही, दुर्खेमनं लिहून ठेवलंय."

समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७ चं, आणि मास्तर म्हणतात तसं त्यात आहे खरं. कॅथलिक प्रदेशांत प्रॉटेस्टंट प्रदेशांपेक्षा प्रमाण कमी. पण दुर्खेमनं कारण वेगळं दिलं. मनाई दोन्ही पंथांत सारखीच कडक, तेव्हा फरक धाकामुळं पडत नाही. कॅथलिक समाज माणसाला जास्त घट्ट धरून ठेवतो, त्यानं पडतो. पुढच्या अभ्यासकांनी तर त्या आकड्यांवरच बोट ठेवलं. जिथं लाज मोठी, तिथं असे मृत्यू दुसऱ्याच कारणाखाली नोंदले गेले.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "धाकानं मरणं थांबलं नाही. नोंद थांबली."

आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानं २०२२ साठी देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत जास्त. या माणसांना धर्मानं काही कमी धाक घातलेला नव्हता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आत्मघात करणाऱ्याला तिलांजली द्यायची नाही असं आहेच, आणि म्हणूनच घरचे नारायणबळी करायला त्र्यंबकेश्वर गाठतात. मेलेल्याला दार बंद करणं ही एकट्या रोमची करामत नव्हे.

सांगलीत तर हा प्रश्न आणखी एका बाजूनं येतो. दक्षिण भारत जैन सभा १८९९ पासूनची, तिचं मुख्यालय सांगलीत. आचार्य शांतिसागर महाराजांनी १८ सप्टेंबर १९५५ ला कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं व्रत, पूर्ण केली. या भागातल्या जैन घरांतून त्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ ला हे व्रत आत्महत्येच्या कलमाखाली आणलं, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. मास्तरांना सल्लेखनेचं नाव घेतलेलं आवडलं नाही. व्रत वेगळं, हताश होऊन केलेलं कृत्य वेगळं, असं ते म्हणाले. विहीणबाईंनी लगेच त्यांच्याच पंथातल्या संत अपोलोनियाची आठवण करून दिली. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जमावानं धमकावलं तेव्हा तिनं स्वतःहून आगीत उडी घेतली, आणि चर्चनं तिला संत मानलं. दातदुखीवाले आजही तिचा धावा करतात. म्हणजे फरक करायचा झाला तर चर्चला करता येत होता. रानावनातल्या एकट्या माणसाबाबत तो केला गेला नाही.

मास्तरांनी मग आर्सच्या पाद्र्याची गोष्ट काढली, आणि खरं तर ती त्यांच्याच विरुद्ध जाणारी होती. संत जॉन व्हियानी हे फ्रान्समधल्या आर्स या खेड्याचे धर्मगुरू, १८५९ मध्ये वारले. पतीनं पुलावरून उडी घेतलेली एक विधवा त्यांच्याकडं आली होती. ती काही बोलायच्या आधीच त्यांनी तिला सांगितलं, असं म्हणतात, की पुलाचा कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्ताप करायला वेळ मिळाला.

विहीणबाई जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ही चमत्काराची गोष्ट नाही हो व्याही. ही वॉर्डातली गोष्ट आहे."

त्यांचं म्हणणं कुठल्याही सिव्हिल हॉस्पिटलची परिचारिका सांगेल. एमएलसी, म्हणजे पोलीस केस, म्हणून रात्री आलेला पेशंट शुद्धीवर आला की पहिली मागणी असते ती वाचवा अशीच. वेळ निघून गेलेली असते अशांचीही. आणि वाचलेल्यांबद्दल वैद्यकशास्त्र ठामपणं सांगतं की त्यांतले बहुसंख्य पुढं आत्महत्येनं मरत नाहीत. 'ठरवून, जाणूनबुजून' हे १९१७ च्या कलमातले शब्द ज्या निश्चयावर उभे होते, तो निश्चय बऱ्याचदा काही तासांचा असतो. व्हियानींनी ते श्रद्धेनं ओळखलं, बाईंनी ड्यूटी करून.

यावर मास्तरांकडं उत्तर नव्हतं. त्यांच्याकडं एक तक्रार होती, आणि ती रास्त होती. चर्च बदललं तेव्हा सरकार कुठं होतं? भारतीय दंड विधानाचं ३०९ कलम वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत तुरुंगात टाकत होतं. रस्त्यावरच्या अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाच्या खटल्यात, मारुती श्रीपती डुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य, मुंबई उच्च न्यायालयानं १९८६ मध्ये ते रद्दबातल ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये तीच वाट धरली आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठानं ती सोडून कलम पुन्हा उभं केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ११५ व्या कलमात सांगितलं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चाला. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली तेव्हा कुठं ३०९ गेलं, आणि तेही लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाची शिक्षा मागं ठेवून.

"रोम दिल्लीच्या आधी पोचलं," मास्तर म्हणाले. ते खरं आहे.

पण पोचल्यावर सगळे आत आले असं नाही. २००६ च्या डिसेंबरात, दुर्धर आजारात कृत्रिम श्वास बंद करण्याची जाहीर मागणी करत गेलेल्या पिएरजॉर्जो वेल्बी यांना रोमच्या चर्चनं धार्मिक अंत्यविधी नाकारला. २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये अठरा वर्षांच्या मुलाच्या अंत्यविधीत धर्मगुरूनं प्रवचनात त्याच्या मृत्यूचं कारण काढून पापावर भाषण दिलं; वडील वेदीजवळ जाऊन थांबा म्हणत होते. नंतर तिथल्या धर्मप्रांतानं त्या धर्मगुरूला अंत्यविधींत प्रवचन द्यायला बंदी केली. माती मिळाली, जीभ मात्र १९१७ चीच राहिली होती.

नातू एव्हाना उठून गेला होता. मास्तरांनी शेवटपर्यंत एक गोष्ट सोडली नाही, आणि ती सोडावी असं लेखकालाही वाटत नाही. जीव आपल्या मालकीचा नाही हे चर्चनं सांगत राहावं. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ च्या पत्रातही ते तितक्याच कडक शब्दांत आहे, परिस्थितीनं माणसाचा दोष हलका होतो या पुस्तीसकट. फक्त ते जिवंत माणसाला, त्याच्याशेजारी बसून सांगायचं असतं. शवपेटीला सांगून उपयोग नाही.

म्हणून पुणे धर्मप्रांतातल्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या धर्मगुरूंना एक विनंती. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, कबरींवर आशीर्वाद मागायला लोक दफनभूमीत जमतात. त्या दिवशी मराठीत एक वाक्य मोठ्यानं सांगा: जीव दिलेल्या माणसाला चर्च आता माती नाकारत नाही आणि त्याच्यासाठी मिस्सा करतं. १९८३ पासून हे खरं आहे. मिरजेच्या, साताऱ्याच्या पाळकांनीही आपापल्या उपासनेत असं एक वाक्य बोलायला हरकत नाही. आणि दफनभूमीच्या फाटकावर वेळापत्रकाशेजारी सरकारी 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक लिहून ठेवा. तो आहे १४४१६, दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.